जेनांग ढवळायचा हात थांबला तर

हॅलो? ज्वालामुखी निरीक्षण चौकी, लारस बोलतेय…

कोण, सुमी मावशी? अगं, हा ऑफिसचा फोन आहे… हो, माझा मोबाइल लागत नाही, कारण मी उचलत नाही, कारण मला काम आहे… काम हेच गं, वरच्या गावांतली माणसं खाली आली का ते बघायचं. तुम्ही आलात ना खाली?

…नाही?

मावशी, भोंगा ऐकलात ना?… ऐकलात. छान. मग काय वाटलं?… "कुणीतरी वाजवला असेल." ते कुणीतरी म्हणजे मी. आमच्या चौकीवरच्या पाक हारजोंना मीच म्हटलं, वाजवा.

हो… हो, माहितीये, रविवारी वेनिंगचं लग्न आहे. माझीच मावसबहीण आहे ती, विसरेन कशी?… लग्नाचं जेनांग चढलंय? एवढा तांदूळ, गूळ, नारळाचं दूध आटवायचं, आज?… सकाळीच. म्हणजे शिजायला संध्याकाळ होणार. आणि एकदा ढवळायला घेतलं की हात थांबवायचा नाही. हात थांबला की जेनांग करपणार, आणि जेनांग करपलं की लग्न टिकणार नाही… ठाऊक आहे गं. मी त्याच घरात वाढले.

पण मावशी, आज आजोबांकडेही कार्य आहे.

…डोंगर फुटतोय असं मी म्हटलं का? आपण त्याला आजोबा म्हणतो, आजोबांबद्दल तसं बोलत नाहीत, एवढं मला कळतं. म्हणून तर म्हणतेय, कार्य आहे. मोठं. गावजेवण.

…हो, गेल्या वेळीही मीच सांगितलं होतं, आणि तुम्ही शाळेत जाऊन चटईवर झोपलात, आणि काही झालं नाही. अगं, गेल्या वेळचं पातळ होतं. या वेळचं घट्ट आहे… काय म्हणजे? रस. त्यांच्या पोटातला. दगड वितळून होतो तो… अगं ऐक ना, तुझ्याच कढईत बघ. सकाळी पातळ होतं तेव्हा काय होत होतं?… बुडबुडे यायचे, फुटायचे, वाफ निघून जायची, कुणाला त्रास नाही. आणि आता?… फदक्. बरोब्बर. काकांच्या कोपरावर उडालं? गार पाणी घाल त्यावर… तेच तर सांगतेय! घट्ट झालं की वाफेला वाट मिळत नाही. ती अडते, साठते, आणि मग फदक्. आता कढई डोंगराएवढी धर आणि काकांचं कोपर गावाएवढं.

घट्ट कशानं झालं? सिलिका वाढलीय त्यात. वाळूत असते ना, तीच. तिचे कण एकमेकांचे हात धरतात आणि सोडतच नाहीत. लग्नघरात तुझ्या नणंदा बसतात ना सोप्यात, तशा. मग कुणाला इकडून तिकडे सरकता येत नाही… हसू नकोस, विज्ञान आहे हे.

मग थोडं पाणी घालायचं? मावशी, पाणी आधीच आहे त्यात. वितळलेल्या दगडात मुरलेलं… हो, मुरतं. खोल असतं तोवर दाबाखाली गप्प बसतं. वर आलं की त्याची वाफ होते, आणि वाफेला जागा लागते… मला ताप नाहीये. विद्यापीठात हेच शिकवलं. तू वासरू विकून पाठवलंस ना, ते यासाठीच.

आणि त्यांच्या घशात बूच बसलंय. थिजलेल्या रसाचं. रोज फुगतंय. कालपर्यंत गंधकाचा वास येत होता ना तुम्हाला?… आज बंद झाला. अगं, चांगलं कसलं झालं! कढईतून वाफ यायची एकदम बंद झाली तर तू जवळ जाऊन वाकून बघशील का?… बघशील. हो, तू बघशील. उदाहरण चुकलं माझं.

मावशी, एक सांगू? कढई उतरवू नका. हात थांबवू नका. कढईसकट या.

…चेष्टा नाही. दारात ट्रक कुणाचा आहे? मला इथवर घरघर ऐकू येतेय… जातमिकोचा? होणारा जावई तुमची गाय खाली न्यायला आलाय आणि तुम्ही त्याला उन्हात उभा करून ठेवलाय?… अच्छा. वेनिंगला घराबाहेर पडायची बंदी आहे. आणि लग्नापर्यंत त्यानं तिचं तोंड बघायचं नाही… मग नको बघू दे ना! तो पुढे बसेल, ती मागे. मास्क लावा सगळ्यांना. मास्क लावला की मी आरशात स्वतःला नमस्कार करते, त्याला काय ओळखू येणार आहे!

ट्रकात वाळू आहे ना?… अर्धा भरलेला. मग अजून काय पाहिजे? वाळूवर निखारे टाका, निखाऱ्यांवर कढई. ढवळणारे बाजूनं उभे राहा. गाय कोपऱ्यात… रीत काय आहे, हात थांबता कामा नये. चाकांबद्दल कुठल्या पूर्वजानं काही म्हटलंय का?

काकांना दे… काका, नमस्कार. दोन्ही हातांनी ढवळताय ना?… मग फोन?… मावशीनं कानाला लावून धरलाय. बरं. काका, तुम्ही शहाणे आहात… नाही, मला काही नकोय तुमच्याकडून. फक्त ट्रकात चढा. ढवळत ढवळत… कसं म्हणजे, एक पाय आधी, मग दुसरा. कढई शेजारची पोरं उचलतील. तुम्ही नुसता हात चालू ठेवा.

…हो, मी आहे. ठेवत नाही फोन…

चढली? कढई चढली! गाय?… गाय चढत नाही. कढई बघून घाबरली. तिला उलटी चढवा, शेपटीकडून… चढली? बघ, तुमच्यापेक्षा समंजस आहे. वेनिंग?… मास्क. डोक्यावरून ओढणी. आणि वर टोपलं? मावशी, टोपलं काढ, तिला दिसत नसेल… बरं, राहू दे.

निघालात? कुठून येताय?… नदीच्या पात्रातून नाही! मावशी, जातमिकोला ओरडून सांग, पात्रातून नको, वरच्या रस्त्यानं… जवळ पडतं, माहितीये. आजोबांनाही तोच रस्ता जवळ पडतो.

…वळला? वरून? शाब्बास.

काय पसरलंय?… उतारावर कढईत सगळं पुढे आलं. मग काकांना पुढच्या बाजूनं ढवळायला सांग… गाय चाटतेय? तिला पाहुणी समजा.

एक मिनिट मावशी… काय झालं, पाक हारजो?… भूकंपमापकाच्या सगळ्याच सुया?

मावशी, कुठे आहात?… पूल आला? ओलांडा. लवकर… सांडलं तर सांडू दे! शाळेत पोचेपर्यंत थांबू नका, म्हणावं. आणि मावशी, मागे… कढईत नाही गं, मागे, डोंगराकडे… नको, बघूच नकोस. पुढे चला, फक्त पुढे…

हॅलो?

हॅलो… मावशी?

मावशी, आवाज येतोय का माझा?… पाक हारजो, खिडकी लावा ना, काही ऐकू येत नाहीये… मावशी, हे बघ, काहीतरी बोल. शिवी दे. मी भोंगा उशिरा वाजवला म्हण, काहीही म्हण… हॅलो…

मावशी!

…कुठे? शाळेच्या पटांगणात? सगळे?… काका?… वेनिंग?… गायसुद्धा. नाही गं, रडत नाहीये. मास्क टोचतोय नाकाला.

आणि… गाव?… दिसतच नाही. नुसता करडा ढग. पात्रातून खाली आला… हो. आला असेल… पुलाच्या पलीकडेच थांबला ना? मग झालं. घर बांधू आपण, मावशी. मी येईन विटा उचलायला… आता तू रडू नकोस, अश्रू कढईत पडतील.

काय?… हात थांबला? कधी?… आवाज झाला तेव्हा काकांनी पळीच टाकली. आणि बाकीच्यांनी? सगळे ट्रकातच आडवे झाले. तूसुद्धा. साहजिक आहे गं… म्हणजे करपलं?… नाही करपलं? मग ढवळत कोण होतं?

…वेनिंग. डोक्यावर टोपलं घालून. एकटी?… जातमिको पटांगणात ट्रक थांबवून मागे चढला? आणि?… तिच्याच पळीला हात घातला.

दोघं. एका पळीला.

…अजून ढवळताहेत? तुम्ही सगळे उठलात तरी? आणि टोपलं कुठाय?… गायीपुढे. म्हणजे तोंड बघितलं त्यानं.

मावशी, मग आता कसली बंदी आणि कसला रविवार! मौलवी शाळेतच असतील, सगळं गाव तिथेच आहे, जेनांग तयार आहे… पिवळे तांदूळ उधळायचे राहिले? मावशी, वर बघ. आजोबा उधळताहेत की.

हो… हो, येते मी, सुया जरा बसल्या की. तोवर कढईवर झाकण ठेव… राख म्हणजे बारीक काच असते गं, पाहुण्यांना वाढायची नसते… झाकण ठेवून ढवळायचं कसं?

ते मला नको विचारूस. मी फक्त दगडांचं बघते. ठेवते.