थोरल्याचा खोकला

…आणि वर मलाच म्हणायचं, "एवढं दचकायला काय झालं गं, उत्कर्षा?" अहो, काय झालं म्हणजे? तुम्हाला सांगते, कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मला ठाऊक असतं, तरी मी दचकते! आणि आमच्या अंगणात तर तोफच आहे. तोफ म्हणजे ट्रॅक्टर. आजोबांनी घेतलेला, पेट्रोलचा, वयानं माझ्या वडलांपेक्षा, म्हणजे आप्पांपेक्षा मोठा, म्हणून आप्पा त्याला 'थोरला' म्हणतात. अख्ख्या मंद्रूप गावानं नवे ट्रॅक्टर आणले, आमचा थोरला अजून कडबा कुट्टीचा पट्टा फिरवतोय, आणि फिरवता फिरवता मध्येच… फाऽट्ट! आप्पा शांतपणे म्हणणार, "काय न्हाय, थोरला खोकला." आणि मी? दचकले की हो मी!

बरं, घरच्या घरी दचकले असते तर गोष्ट वेगळी. नोकरीची मुलाखत होती, मोबाईलवर! समोर पुण्याची तीन मोठी माणसं, कोटबिट घालून. एकानं विचारलं, "ताण आला तर तुम्ही शांत राहू शकता?" मी म्हटलं, "हो सर, अगदी—" फाऽट्ट! मी किंचाळले, मोबाईल उडाला तो थेट आईच्या परातीत, भाकरीच्या पिठात! त्या तिघांना काय दिसलं असेल देव जाणे. नोकरी? कसली नोकरी!

पुढची मुलाखत मंगळवारी. म्हटलं, त्याआधी थोरल्याचा खोकला बंद करायचा. इलेक्ट्रॉनिक्स कशाला शिकले मी? दुखणं कळलंच होतं. आत पॉइंट असतात, इवलेसे, उघडझाप करतात आणि ठिणगी पाडतात. ते झिजले, की ठिणगी भलत्याच वेळी! ते काढायचे, तिथं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायचं, संपलं. आप्पांचा चेहरा एवढासा. "थोरल्याच्या छातीत मशीन बसीवणार तू?"

"आप्पा, आत्याला नाही का पेसमेकर बसवला?"

"तवापास्नं ती लईच बोलाय लागलीया!"

बसवलं तरी. बॅटरीचं जे टोक बॉडीला नाही ते प्लस, लाल वायर तिथं, काळी बॉडीला, हे तर शाळेतली पोरंही सांग… चर्रर्र! ठिणग्या! पाना एकीकडं, मी एकीकडं. दचकले की हो मी! बघते तर काय, अख्खं जग बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतं, आमच्या थोरल्याचा प्लस जोडलेला! जुन्या काळी असंच असायचं म्हणे. असायचं तर असायचं, कुठं लिहून ठेवायचं की! नशीब, किट वाचलं. बॅटरी उलटी फिरवली, कॉइलच्या वायरी बदलल्या, आप्पांनी हँडल मारलं आणि… घुर्रर्र. एक फाट्ट नाही! मांजर झोपलंय जणू. आप्पा बॉनेटला कान लावून, "चालू हाय का बंद?"

मंगळवार उजाडला. समोर एकच मॅडम, हसऱ्या. "स्वतः केलेलं एखादं काम सांगा ना." अहो, मी सुटलेच! पॉइंट काय, प्लस काय, मायनस काय, मॅडम माना डोलवतायत, मी म्हणतेय, "आता आमच्या घरी इतकी शांतता आहे मॅडम, की—"

ठण्! ठण्! ठण्! "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽड!"

माझ्या खिडकीखाली! आप्पा! एका हातात ताट, एका हातात उलथनं! दचकले की हो मी… मोबाईल कुठं पडला ते विचारू नका.

घरामागं आमची ज्वारी, कणसं नुकती दुधात आलेली. थोरला खोकायचा तोवर ज्वारीवर एक पाखरू बसत नव्हतं. आणि आता? चिमण्या, राघू, साळुंक्या, पार मोहोळ गावापर्यंतची पाखरं आवतण दिल्यासारखी पंगतीला! आप्पा म्हणाले, "तू आत ग्वाड ग्वाड बोलत हुतीस, आन् हितं ज्वारी सरत हुती की!"

आता वर्षाची भाकरी म्हटल्यावर काय बोलणार? मीच बसवलेलं किट मीच काढलं. जुने झिजलेले पॉइंट पुन्हा लावले. आप्पा डोक्यावर उभे, "आनखी जरा सरकीव. आवाज मोटा येऊ दे की!" सरकवलं. हँडल मारलं. फाऽऽऽट्ट! पाखरं पार कुंभारी गावाकडं, शेजारच्या रत्नम्मा आज्जी कट्ट्यावरून खाली, आणि मी… जाऊ दे. आप्पांचे डोळे मात्र भरून आले. "पैल्यापरीस मोटा आला गं! शिकलीस त्ये वाया न्हाय गेलं."

शुक्रवारी आणखी एक मुलाखत आहे. सोलापूरच्या एसटी स्टँडवर बसून देणार आहे. त्यातल्या त्यात शांत जागा तीच.