बंदुकीपुढचा नारळ

दयाराम: आणखी एकदा गज घाल नळीत. फडकं पांढरंच भाईर आलं पायजे.

सदू: आलं, बाबा. बंदूक आता लग्नाला निघाल्यासारखी दिसते.

दयाराम: डुकरांनी निम्मा वाल उकरलाय. फॉरेस्टची परवानगी आली, परवान्यावर तुझं नाव चढलं. आज बार तू काढायचास. भेकर आडवं आलं तर नुस्तं बघायचं.

सदू: बार तुम्हीच काढा. मी बॅटरी धरतो.

दयाराम: माझ्या नजरेचं काय सांगू? गेल्या खेपेला बांधावरचा धोंडा मारला मी. कीर्तन ऐकून मन मऊ झालं काय रे तुझं? बुवांचं पोटसुद्धा शेतावरच भरतं.

सदू: तसं न्हाय, बाबा.

सखुबाई: वाद नंतर घाला. आधी बंदुकीची पूजा. सदू, हा घे नारळ, फोड.

सदू: आई, बाबांना दे. माझे हात तेलकट हायत.

दयाराम: नारळाला पण नेम लागतो काय?

सखुबाई: थांबा हो. परवा देवळातपण यानं नारळ माझ्याच हातात दिला. पडवीत साप निघाला, तो गोणपाटात धरून म्हसळ्याच्या रस्त्याला सोडून आला. सदू, तुझ्या वेळी तुझे बाबा नारळ फोडत नव्हते, की साधा विंचू मारत नव्हते. मी पोटुशी होते म्हणून.

(सदू फडक्याची घडी घालत राहतो.)

सखुबाई: सूनबाई कुठाय? रचना दिसत न्हाय.

सदू: आत. पडलीय जरा. आई, तिनं शपथ घातलीय. मागं दोनदा आधीच सगळ्यांना सांगितलं, आणि दोनदा... मी काही बोललो नाही हं.

दयाराम: न्हायच बोललास. आमीपण काय ऐकलं न्हाय. आण गं तो नारळ, मी फोडतो. बंदूक ठेव वर माळ्यावर.

सदू: आणि वाल?

दयाराम: पत्र्याचे डबे घेऊन बसू दोघं. कीर्तनात टाळ वाजवतोस, तसे वाजव.

सखुबाई: तुमच्या तालाला डुकरं पळतील व्हय? बसतील ऐकत.

दयाराम: बसू देत. चार शेंगा खाल्ल्या तर खाऊ देत. त्यांच्यातपण कोण पोटुशी असंल.