पाहुणे कलाकार

आमच्या बँडच्या जॅझ कॅसेटवर सुरुवातीलाच एक बाई बोलते. सगळे विचारतात, ही गायिका कोण? गायिका न्हाई हो, आमच्या शेजारच्या शांताकाकू हायेत.

लातूर जिल्हा नवीनच झाला होता अन् दुष्काळ लई होता. लग्नात वाजवणारी आमची वीस जणांची पार्टी, आमच्या अंगणात जॅझ बसवायली होती. रेकॉर्डिंगला मुंबईहून दोन सॅक्सोफोनवाले यायचे होते, पाहुणे कलाकार म्हणून. टँकरच्या रांगेत मी काकूंना एवढंच बोललो, "एक घागर जास्तीची घेऊ द्या. उद्या पाहुणे यायलेत."

आता आमच्याकडं पाहुणे म्हणजे पोरगी बघायला येणारे सोयरे, अन् माझी बहीण लग्नाची. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या घराघरातून एकेक घागर आमच्या दारात आली. सॅक्सोफोनवाल्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, रेकॉर्डिंगचं मशीन सुरू झालं. तेवढ्यात काकू मला विचारतात, "यातला नवरदेव कोणता रे?"

मी खाली मान घालून सांगितलं, "काकू, हे सोयरे न्हाईत. बाजा वाजवायला आलेत."

गल्लीतल्या बाया आपापल्या घागरींकडं बघायला लागल्या. वीस माणसं अन् दिवसभराचं काम. मला वाटलं, आता घागरी परत चालल्या.

काकूंनी पदर सावरला, मशीनसमोरच बैठक मारली अन् म्हणाल्या, "असू दे. वरातीत बाजा म्होरंच असतो. नवरदेव येईल मागून."