फासे सगळ्यांसमोर टाकायचे

— हलू नका ताई, कानामागे कात्री आहे — हो, खेळच, पण मुलांचा नाही, मोठ्या माणसांचा. हसताय ना? हसा, सगळेच हसतात. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक माणूस रचायचा — कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर — आणि गोष्ट मी सांगायची. म्हणजे गुहा मी आणायची, राक्षस मी आणायचा, दार उघडलं की आत काय, तेही मीच सांगायचं. आठवडाभर इथं उभं राहून लोकांच्या डोक्यांशी झटायचं आणि रविवारी दुपारी जरा राक्षसांशी — तेवढाच विरंगुळा. होता. म्हणजे आहे अजून, पण थकते हो मी आता.

तर नियमाचं सांगत होते. आपण रचलेल्या माणसाची ताकद किती, चपळाई किती, बुद्धी किती, हे फाशांनी ठरतं. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिन्हींची बेरीज करायची. अठराच्या वर जातच नाही, आणि अठरा पडणं म्हणजे नशीबच. हे टाकायच्याही नाना तऱ्हा असतात, प्रत्येक घराची वेगळी, पण आमच्याकडचा नियम एकच — फासे सगळ्यांसमोर टाकायचे. घरून आकडे आणायचे नाहीत. का म्हणजे? अहो, माणूस एकटा असला की फासा टेबलाखाली गेला म्हणतो, परत टाकतो, पाचाचे सहा दिसायला लागतात. आमच्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, एवढा सज्जन माणूस, पण घरून आकडे आणायचे तेव्हा त्यांचा जादूगार दर वेळी महापंडित! मग केला नियम. मीच केला. चुकलं का काही?

आणि मग भावजी आले. माझे धाकटे दीर. ते कामाला होते तो छापखाना बंद पडला, तेव्हापासून घरीच — म्हणजे आम्हाला वाटायचं घरीच. जाऊबाई फोनवर रडायच्या, सकाळी उठून कुठं जातात सांगत नाहीत, संध्याकाळी येतात ते भिंतीकडे तोंड करून आडवे होतात. मी नवऱ्याला म्हटलं, बोलव त्यांना रविवारी, चार माणसांत बसतील. तर आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसल्या बसल्या म्हणतात, "वहिनी, मी घरीच टाकून आलोय. ताकद अठरा." मी म्हटलं, भावजी, आपल्याकडे समोर टाकतात. "पडलेत म्हणतो ना." मग परत पडतील की, मी म्हटलं — हसतच म्हटलं हो, चेष्टेत — आणि सगळे हसले, डॉक्टर तर खो खो. त्यांनी फासे घेतले. टाकले. सात. कुणीतरी म्हणालं, अरे, हा तर पेला उचलतानाही दमेल! भावजी माझ्या नवऱ्याकडे बघत राहिले. आणि तो? तो नखानं टेबलावरचा डाग खरवडत होता. सख्खा भाऊ, पण एक शब्द काढला नाही तोंडातून. "सात तर सात," भावजी म्हणाले, पूर्ण वेळ खेळले, चहा घेतला, गेले. मग आलेच नाहीत. जाऊबाईंचा फोनही बंद झाला. आणि नवरा — बोलायचा, पण मीठ दे, दिवा घालव, एवढंच.

डोकं जरा डावीकडे. हां. शेवटी कंटाळले मी. म्हटलं, मोडा तो नियम, फासेच नकोत. ज्याला जो आकडा हवा तो घ्या, सगळे अठरा घ्या, माझी कटकट नाही. वाटलं, तुटून पडतील. पण गंमत बघा, डॉक्टर म्हणतात, लोकांवर छाप — सहा. पोस्टातल्या एक बाई येतात, त्या म्हणाल्या, धीर दहा, त्याहून जास्त मला झेपायचा नाही. आणि माझा नवरा — फर्निचर पोचवायचं काम आहे त्याचं, कपाटं पाठीवर घेऊन जिने चढणारा माणूस, खेळात कायम कुऱ्हाडवाला — तो म्हणाला, "ताकद चार." सगळे हसले. मी नाही हसले. त्याचा उजवा हात टेबलाखाली होता, मांडीवर. एकदम लक्षात आलं, हल्ली हा जेवतो डाव्या हातानं. मला वाटायचं, मोबाईल बघायला उजवा मोकळा ठेवतो.

माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात गाठला त्याला. म्हणाला, बोटं मिटत नाहीत, थंडीपासून. मग कपाटं कोण उचलतं रे? "तो." तो कोण? "अगं, तोच, आपला धाकटा. सकाळी चौकात येतो. मी पुढे होऊन दारं उघडतो, तो पाठीवर घेतो. सगळं तोच." म्हटलं, आणि त्या दिवशी तू गप्प बसलास? भावाला खोटं पाडलं मी चारचौघांत, आणि तू? तर म्हणतो, "तो माझ्यासाठी गप्प बसला होता गं. मी बोललो असतो तर त्याचं गप्प बसणं फुकट गेलं असतं." मी भांडी आपटली. नंतर रडले. दोन्ही केलं.

हात दाखवला, हो. मानेत नस दबलीय म्हणतात, ऑपरेशन करा म्हणतात, हा आज-उद्या करतोय. मालकाला पत्ता नाही. कळलं तर दोघंही घरी बसतील, आणि मी — हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? कुठं बोलू नका हां. भावजींना फोन केला होता मी. माफ करा म्हणायला केला, आणि निघालं काय, तर केस वाढले असतील तुमचे, येऊन जा. "बघतो, वहिनी." झालं, ठेवला फोन. बघतो म्हणजे नाहीच ना? माझ्याच हातचे कापलेले असायचे त्यांचे केस, लग्नाच्या आधीपासून, आणि आता —

गाडी थांबली का बाहेर? नाही, मागे वळू नका. आरशात दिसतंय मला. दोघंही आहेत. नवरा दार धरून उभाय आणि हे — उठा ताई, झालं तुमचं. मागून छान आलेत, आरसा राहू द्या. उठा म्हणते ना, खुर्ची हवीय मला. अन् तुम्ही काही ऐकलेलं नाही.

या भावजी. बसा.