दोन गुंठ्यांना दहा एकर

भिवंडीच्या नोंदणी कार्यालयात संघरत्ना आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर तिच्याच गावचा, काल्हेरचा रामनाथ थोरल्या बहिणीला समजावत होता.

"आक्का, इथल्या दोन गुंठ्यांवरचा हक्क सोड. यवतमाळकडं दहा एकर तुज्या नावावर करतो."

"दोन गुंठ्यांना दहा एकर? कर्णच हाय रे तू."

"किंमत दोन्हींची सारखीच हाय."

"मंग तूच घे ते दहा एकर."

"एवढ्या लांब मला कुठं जमतंय?"

"खरं हाय. माजे गुडघे कोवळे, मी जाईन रोज."

"सही कर ना."

"न्हाय बाबा. धाकट्या भावाचे दहा एकर खाल्ले, म्हणंल गाव."

रामनाथने पुढे केलेल्या पेनाला आक्काने टोपण लावलं आणि ते हलकेच त्याच्या खिशाला अडकवलं.