गेलेल्या बाईला आलेले निरोप

कुलूपवाला : लिही. “साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत चोर आमच्या घरात शिरला आणि तुम्ही त्याच्यासाठी दार धरून उभे राहिलात.”

सून : बाबा, निवडणूक अधिकाऱ्याला असं लिहितात का? आधी ‘माननीय’ तरी म्हणा.

कुलूपवाला : मान ठेवण्यासारखं काही केलं की म्हणू. पुढे लिही. “चाळीस वर्षं कुलपं उघडतोय. किल्ली हरवली म्हणून कुणी आलं, तर आधी शेजाऱ्याला हाक मारतो. घर याचंच ना, विचारतो. मगच तार घालतो. इथे कुणीही येतो, माणसाच्या मनात तार घालतो, आणि तुम्ही म्हणता तक्रारच आली नाही.” घ्या, आली.

सून : लिहिलं. पण फॉर्ममध्ये विचारलंय, उमेदवाराचे निरोप कुणाच्या खात्यावर आले? आणि त्यांना तुमची माहिती मिळाली कुठून?

कुलूपवाला : लिही, एका नागरिकाच्या खात्यावर.

सून : नागरिकाचं नाव?

कुलूपवाला : नावाचं काय एवढं?

सून : बाबा, परवा तुमचा फोन चार्जिंगला होता, तेव्हा वाचलंय मी. ‘ताई, डायलिसिसला आता कुठे जाल?’ तुम्हाला कोण ताई म्हणतं?

कुलूपवाला : चोरून वाचतेस होय?

सून : दर पाच मिनिटांनी कोकलत होता तो. उचलला. खातं आईंचं आहे ना?

कुलूपवाला : (हातातली कानस खाली ठेवत) तिचे फोटो होते त्यात. बंद करवेना. पडून होतं वर्षभर. मग एकदा ती प्रश्नावली आली, ‘तुम्ही आतून कशा आहात?’ वीस प्रश्न. मी तिच्या वतीने उत्तरं दिली. ती काय म्हणाली असती, ते आठवून आठवून. भीती कशाची वाटते? डायलिसिसचा वॉर्ड बंद पडेल याची. अनोळखी माणसावर विश्वास ठेवता का? छे! अर्धा तास समोर बसून बोलत होती गं. या वयात असला पोरखेळ! तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस.

सून : आणि मग?

कुलूपवाला : आठवड्याने निरोप सुरू. ‘वॉर्ड बंद पाडायचा डाव आहे, आम्हीच वाचवू.’ तिची भीती, जशीच्या तशी! मग म्हणे, तिथल्या नर्सनीच बंद करा म्हणून सह्या दिल्यात. आणि मी गाढव, वरच्या मजल्यावरच्या पोरीला जिन्यात नाही नाही ते बोललो. जिने हिला दोन वर्षं जपून सुई लावली, तिला!

सून : आता तुमच्या मुलाला आलेला हा निरोप बघा, मी माझ्या फोनवर घेतलाय. तोच उमेदवार, तोच फोटो, तेच बत्तीस दात. ‘तोट्यातला वॉर्ड बंद करू, तुमचा कर कमी करू.’ हे दिवसभर कराच्या नावाने बोटं मोडत असतात, म्हणून यांना हे.

कुलूपवाला : म्हणजे वॉर्डावरून आम्ही बापलेक तीन आठवडे बोलत नाही...

सून : आणि मत दोघं त्यालाच देणार होतात!

नर्स : काका, आत येऊ का?

कुलूपवाला : ये. म्हणजे, या सिस्टर. त्या दिवशी मी... माझी जीभ सटकली.

नर्स : सटकली कसली, चांगली तीन मजले ऐकू गेली. सही मी कुठेच केली नव्हती, काका. आता करायला आलेय. तुम्ही तक्रार लिहिताय, असं वहिनी म्हणाल्या.

सून : मीच बोलावलं, बाबा.

नर्स : मशीनवर चार तास एक हात अडकलेला आणि दुसऱ्या हातात फोन, असंच असतं आमच्याकडे. आज सगळ्यांना म्हटलं, आपापले निरोप मोठ्याने वाचा. एकाचं एक, शेजारच्याचं बरोब्बर उलटं! वॉर्डात इतकं हसू पहिल्यांदाच ऐकलं. अकरा जण सही देतायत. पण गाडी एका जागी अडलीये. आपली माहिती गेली कुठून, ते कुणालाच दाखवता येत नाही. प्रत्येकाने शंभर ठिकाणी काही ना काही लिहिलेलं.

सून : बाबा, ऐकताय ना? जिवंत माणूस शंभर ठिकाणी बोलतो. गेल्यापासून आई एकाच ठिकाणी बोलल्या.

नर्स : म्हणजे?

कुलूपवाला : म्हणजे पुरावा माझ्याकडे आहे, सिस्टर. लाज वाटते म्हणून दाबून बसलो होतो. सूनबाई, नवऱ्याला फोन लाव. तो आला की मीच सांगतो त्याला. आणि त्याचीही सही घे.

सून : लावते. शेवट काय करू?

कुलूपवाला : लिही. “माझी बायको दीड वर्षापूर्वी गेली. तिला कशाची भीती वाटायची, ते मी त्या प्रश्नावलीत लिहिलं, दुसरीकडे कुठेही नाही. प्रश्न आणि उत्तरं सोबत जोडली आहेत. तिचं नाव पूर्ण लिहितोय. आमच्या चौदा सह्या आहेत. तिची भीती कुणी विकली, कुणी घेतली? रविवारी मतदान आहे. आम्हाला शनिवारी लेखी उत्तर पाहिजे.”