शेलारच्या नळाची चिठ्ठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय केसरीनाथ गुरुजी, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आमचे रामदासभाऊ जाधव, समोर बसलेल्या माताभगिनींनो, आणि भिवंडीहून शिफ्ट बदलून आलेल्या कारागीर बंधूंनो, सर्वांना जय भीम आणि राम राम.

मी विठू पाटील. भाऊंच्या विरोधात दोन निवडणुका लढलेला माणूस. सत्काराला विरोधकाला बोलायला कोणी उभं करतं का? पण गुरुजी म्हणाले, "विठू, कौतुक करणारे पुष्कळ आहेत. तू बोल." गुरुजींचा शब्द मोडायची हिंमत चौथीत नव्हती, ती साठीत कुठून येणार?

भाऊंचं दुकान तुम्ही पाहिलंय. लूमवर सूत इकडून तिकडे नेणारे लाकडी धोटे दुरुस्त करायचं. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा, पण निम्म्या भिवंडीचे धोटे तिथून गेले. धोटा घासून झाला की भाऊ तो स्वतःच्या गालावरून फिरवायचे. लाकडाची बारीक कुस टोचली तर पुन्हा घासायचे, कारण धोट्याला कुस राहिली तर सूत तुटतं आणि कारागिराचा रोज बुडतो. परप्रांतातले कारागीर चेष्टा करायचे, "चाचा, धोटा बना रहे हो या दाढी?" भाऊ म्हणायचे, "दोनों, बेटा." हसू नका, मी स्वतः ऐकलंय. धाकटा भाऊ अकाली गेला, त्याची तिन्ही मुलं याच दुकानावर शिकली. त्यातला कोंडू आता गल्ल्यावर बसतो आणि भाऊ लेकीकडे गणेशपुरीला निघालेत. सुखाने जावं. वय बहात्तर झालं.

पण त्यांना जाऊ देण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. अध्यक्ष महाराज, थोडा वेळ जास्त लागेल.

पंच्याऐंशी साली बौद्धवाडीतले आपले भाऊ सरपंच होते आणि आपल्या शेलार गावात नळयोजना आली. बौद्धवाडी धरून आळ्या चार, आणि पाइप फक्त दोन आळ्यांपुरते. बाकीच्यांनी पुढच्या मंजुरीची वाट बघायची. रिवाजाप्रमाणे नळ आधी सरपंचाच्या दारात जातो, आणि बौद्धवाडीतली माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी सर्वांत मागे उभी राहिलेली. त्यांनी आशा धरली, यात चूक काय होती? पण भाऊंनी सभेत जाहीर केलं की चिठ्ठ्या टाकायच्या.

चिठ्ठ्या काढायच्या आदल्या दिवशी ते कागद घेऊन माझ्या घरी आले. म्हणाले, "विठू, तू विरोधक आहेस. नावं तू लिही, घड्या तू घाल. म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही." मी लिहिलं, घड्या घातल्या, कळशीत टाकून वर फडकं बांधलं. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. रात्रभर कळशी माझ्याच घरी होती, पण सकाळी सभेत गावाने ती पाहिली ती भाऊंच्या हातात.

चिठ्ठी काढायला रंगूबाई. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. तिने हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी निघाली बौद्धवाडीची.

आणि मी उठून ओरडलो, "लबाडी हाय! कळशी सरपंचाच्या घरून आलीय!"

का ओरडलो? माझी आळी मागे राहील, लोक मला नावं ठेवतील, ही भीती. दुसरं काही कारण नव्हतं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं, "घड्या विठूने घातल्यात." ते बोलले नाहीत. चिठ्ठी परत कळशीत टाकली आणि म्हणाले, "पुन्हा काढा." दुसऱ्या वेळी माझी पाटील आळी निघाली आणि देऊळ आळी. बौद्धवाडीला नळ आला एक्क्याण्णव साली. सहा वर्षांनी!

त्या सहा वर्षांत भाऊ दुकान उघडण्याआधी सायकलला दोन डबे लावून विहिरीवर जायचे. सरपंच पाणी भरतो म्हणून आम्ही पारावर बसून हसलो. उरलेलं पाणी त्यांच्या पत्नीच्या, मीराबाई वहिनींच्या डोक्यावरून आलं. माझी बायको काशी तेव्हा विहिरीवर होती, तिने ऐकलेलं सांगतो. वहिनी भाऊंना म्हणाल्या, "नळ न्हाय आला त्याचा राग न्हाय. पन तुमी गप ऱ्हायलात, आता लोक म्हनतात चोरी केली म्हनून गप हायत. त्याचा राग हाय."

खरंच तसं झालं. पुढच्या निवडणुकीत याच गोष्टीवर भाऊ पडले. सरपंच कोण झालं? तुमच्यासमोर उभा आहे तो.

नंतर एकदा मी विचारलं, "भाऊ, माझं नाव का नाही घेतलंत?" म्हणाले, "घेतलं असतं तर तुझी आळी नि माझी वाडी त्याच दिवशी काठ्या घेऊन भिडली असती. माझं नाव खराब झालं, ते बरं झालं. डोकी तरी शाबूत राहिली." गुरुजी, मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

आजही कोणीतरी मानपत्रावर सही करताना कुजबुजलं, "माणूस चांगला, पण त्या चिठ्ठ्यांचं..." म्हणून सांगतो, मोठ्याने सांगतो. लबाडी झाली नव्हती. पहिली चिठ्ठी खरी होती. खोटा होता तो मी.

संयोजकांचे आभार, आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलेही आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर आपण सर्वांनी पोटात घालावं.

मीराबाई वहिनी, आम्ही शाल भाऊंना दिली आणि तुम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. तुम्हाला मात्र मी 'झालं असेल तर' म्हणणार नाही. झालं, आणि मी ते जाणूनबुजून केलं. भाऊंनी मला केव्हाच माफ केलं, पण तुमच्या डोक्यावरच्या हंड्याची माफी त्यांनी कशी द्यावी? आता मी खाली उतरून तुमच्यासमोर येतो. तुम्हाला जे बोलायचं ते साऱ्या गावादेखत बोला. मी ऐकून घेईन.